चुना कुठून सुटतो, कुठं धरतो: प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर

विषय मिळाला. यादीत छापलंय ‘खडकांचे विदारण आणि गाळाच्या खडकांची निर्मिती’. गट चौघांचा. मागच्या वर्षांचे प्रकल्प विभागातल्या कपाटावर धूळ खात पडलेत: थर्माकोलचा डोंगर, ऑइलपेंटची निळी नदी, बरणीत रांगोळीचे थर आणि वरून फेव्हिकॉल. आमच्यातला सोलापूरच्या पूर्व भागातला गडी लगेच म्हणाला, “हेच करू की बे, दोन दिवसांत विषय संपला.” सरांनी ऐकलं. म्हणाले, “करा. पण मग फाईलवर सोलापूरचं नाव घालू नका.”

अडचण खरीच आहे. सोलापूर जिल्हा म्हणजे इथून तिथून बेसॉल्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, थरावर थर बसले, आणि आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलुख त्याखाली आहे. दगड कुजताना बघायचा तर आमच्याकडं यावं, कुठल्याही ओढ्याच्या काठाला उभं राहिलं की दिसतं. पण गाळाचा खडक? नकाशावर त्याचा रंग शोधत गेलो तर बोट कर्नाटकात जातं. म्हणजे शीर्षकाचा अर्धा भाग घरचा, अर्धा शेजारचा.

१३ नोव्हेंबर

दोन्ही अर्धे जोडणारं काहीतरी हवं होतं. कॅल्शियम धरायचं ठरलं.

बेसॉल्टमध्ये मुख्य खनिजं दोन, प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार आणि पायरॉक्झीन. दोन्हींत कॅल्शियम आहे. ऑक्साइडच्या हिशोबानं दगडाच्या वजनाच्या साधारण दहा टक्के. आणि चुनखडक म्हणजे बहुतेक सगळा कॅल्शियम कार्बोनेट. तर दगड कुजल्यावर त्यातलं कॅल्शियम कुठं जातं, वाटेत कुठं थांबतं, पुन्हा दगड कसं होतं, एवढंच बघायचं. लाटा, हिमनद्या, वाळवंटातला वारा हे सगळं बाद. पुस्तकात विदारणाचं पहिलं उदाहरण पाणी गोठून खडक फुटण्याचं असतं. सोलापुरात पाणी गोठवायला फ्रीज लागतो.

सामान: विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, ड्रॉपर, भिंग, हातोडी, चुंबक. कॅल्शियम कार्बोनेट असेल तिथं आम्ल फसफसतं. बाकी हुशारी नको.

१७ नोव्हेंबर

मोहोळ तालुक्यात मामांच्या रानात नवी विहीर चालू आहे. यारी बंद होती म्हणून उतरायला मिळालं, तेही मुरमापर्यंतच. “त्याच्या खाली जायचं न्हाई. सुरुंग मारल्याला हाय, दगड सुटा हाय,” मामांनी आधीच बजावलं.

थर मामांनीच सांगितले, आम्ही लिहून घेतले. वर काळी, मग चुनखड, मग मुरूम, मग मांजऱ्या (भोकांचा, मऊसर दगड), मग काळा फत्तर. भूशास्त्राच्या पुस्तकातल्या आकृतीत याहून जास्त काही नसतं.

काळी माती कमरेइतकी. तिच्या तळाशी रंग फिकट होत जातो आणि पांढरे खडे दिसायला लागतात, हरभऱ्यापासून लिंबाएवढे, वेडेवाकडे, हाताला खरबरीत. एकावर आम्ल टाकलं, जोरात फसफसलं. हे मातीबरोबर वाहून आलेले खडे नाहीत, मातीतच तयार झालेत. एक फोडला तर आत काळ्या मातीचा ठिपका अडकलेला होता.

मुरमात जास्त वेळ गेला. लांबून नुसता पिवळसर भुगा वाटतो. जवळ गेलं की त्यात गोळे दिसतात, काही नारळाएवढे, काही घागरीएवढे. एक उपटून काढला. बाहेरचं साल नखानं सुटलं, पिवळं, चुरचुरीत. त्याखाली दुसरं, हिरवट तपकिरी, ते सुटायला स्क्रूड्रायव्हर लागला. मग तिसरं, चौथं. कांद्यासारखे पापुद्रे, आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा घट्ट. शेवटी मुठीएवढा निळसर काळा गाभा उरला. हातोडी मारली तर टणकन वाजला, ठिणगीसुद्धा उडाली.

आम्ल गाभ्यावर टाकलं: काही नाही. सालींवर: काही नाही. पण दोन सालींच्या मधे कागदाहून पातळ पांढरा पापुद्रा होता, त्यावर बुडबुडे आले. आजचा शोध हा. दगडात कॅल्शियम आहे, पण ते सिलिकेटमध्ये, म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजनच्या सांगाड्यात, जखडलेलं, आम्लाच्या थेंबाला दाद देत नाही. कुजलेल्या सालीतून ते बरंचसं निघून गेलंय. आणि जाता जाता फटीत थोडं कार्बोनेट होऊन बसलंय.

गोळेच का होतात ते मला इथं पहिल्यांदा नीट कळलं. लाव्हा थंड होताना आकसतो, तडकतो, त्याचे चौकोनी ठोकळे होतात. तडांतून पाणी शिरतं. ठोकळ्याच्या सपाट बाजूला पाणी एकीकडून भिडतं, कडेला दोन्हीकडून, कोपऱ्याला तिन्हीकडून. कोपरे आधी जातात. चौकोनाचा गोल होतो, कुणी न घासता.

रसायन असं की पावसाचं पाणी हवेतला आणि त्याहून कितीतरी जास्त मुळांजवळच्या मातीतला कार्बन डायऑक्साइड पितं आणि सौम्य आम्ल होतं. ते फेल्डस्पार फोडतं. मागं चिकणमाती राहते, कॅल्शियम बायकार्बोनेट होऊन पाण्यात विरघळून चालू लागतं. लोह गंजतं, म्हणून मुरूम पिवळा-तांबडा.

मामांना विचारलं, जुन्या विहिरीचं पाणी कसं आहे? “खारं न्हाई, जड हाय. डाळ शिजता शिजत न्हाई, हंड्याला पांढरं पूट चढतंय.” कॅल्शियमची पुढची वाट मामांनी एका वाक्यात दाखवली. बाटली भरून आणली.

१८ नोव्हेंबर

ते पाणी आटवलं. चंचुपात्राच्या तळाला पांढरा थर. आम्ल टाकलं, फसफसलं. एका ओळीची नोंद, पण मला सगळ्यात आवडलेली.

२४ नोव्हेंबर

गटात भांडण. एकाचं म्हणणं, सोलापूरचं ऊन हेच मुख्य कारण धरा. मे महिन्यात पारा ४४–४५ ला टेकतो, दगड तापतो, रात्री निवतो, फुटतो. ऐकायला पटतं. पण हे तपासून झालेलं आहे. १९३६ साली भूशास्त्रज्ञ डेव्हिड ग्रिग्ज यांनी ग्रॅनाइटचा तुकडा जवळपास दोनशे चव्वेचाळीस वर्षांचे दिवस-रात्र होतील इतक्या वेळा तापवला आणि थंड केला. कोरड्या हवेत दगडाला काही झालं नाही. मग थंड करताना पाणी मारायला सुरुवात केली, तर अडीच वर्षांच्या हिशोबाइतक्या फेऱ्यांतच पृष्ठभाग खराब होऊ लागला. नंतरच्या लोकांनी उन्हाला थोडं श्रेय परत दिलंय, बारीक तडे पडतात म्हणून. तरी मुख्य काम पाण्याचं. ऊन तडा देत असेल, पण दगडाची माती पाणीच करतं. ठराव तीन विरुद्ध एक असा मंजूर.

मग उलट प्रश्न आला: पाण्यानंच होतं तर जास्त पावसाच्या मुलखात काय होतं? उत्तर घाट उतरला की आहे. कोकणातही खाली तोच बेसॉल्ट. पण पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर. तिथं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम, अगदी सिलिकासुद्धा धुऊन नेतं, मागं लोह आणि ॲल्युमिनियमचा जांभा उरतो. आमच्याकडं पाऊस बेताचा, ऊन सणसणीत. कॅल्शियम सुटतं पण जिल्हा सोडून जाण्याइतकं पाणीच नसतं, मग ते मातीच्या तळाशी चुनखड होऊन बसतं. दुष्काळी जिल्हा म्हणून आपल्याला कुणी काही देत नाही, निदान चुना तरी ठेवून घेतो. काळ्या मातीतली फुगणारी चिकणमाती, स्मेक्टाइट, तीही याच कारणानं टिकते. पावसाळ्यात पाय रुततो आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ते तिच्यामुळं.

२ डिसेंबर

गाळ बसण्याचा प्रयोग. मामांच्या रानातली काळी माती उंच नळीत पाण्यात ढवळली. रेती मिनिटभरात तळाला. त्यावर पोयट्याचा थर हळूहळू. वरचं पाणी मात्र तसंच गढूळ.

हिशोब मांडला: कण किती वेगानं बुडतो ते त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतं. ०.०५ मिलिमीटरचा कण दहा सेंटिमीटर खाली यायला पाऊण मिनिट घेतो. ०.००२ मिलिमीटरचा, म्हणजे चिकणमातीचा सगळ्यात मोठा कण, त्याच अंतराला सुमारे आठ तास. त्याहून बारीक असेल तर बसायला दिवस. म्हणून नदीत रेती वळणावर राहते आणि माती पुढं जाते, उजनीसारखं धरण आडवं आलं तर त्याच्या पोटात बसते, नाहीतर भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागरात.

दुसऱ्या दिवशी नळीत चिमूटभर तुरटी टाकली, पाणी झपाट्यानं निवळलं. आजीला यात काही नवल वाटलं नसतं. मिठानंही निवळतं, जरा सावकाश. समुद्राला भेटताच नदीचा गाळ तोंडाशीच का बसतो ते यावरून.

१५ डिसेंबर

हत्तरसंग कुडल. इथं सीना भीमेला मिळते. संगमेश्वराच्या देवळात शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी लेख आहे. तुळईवरची अक्षरं हजार वर्षांनी वाचता येतात. दगड काही वेगळा नाही, डोक्यावर छप्पर आहे आणि पाणी पोचत नाही, एवढंच. ग्रिग्जच्या प्रयोगाला याहून चांगली जोड मिळणार नाही.

मग वाळू. मूठभर वाळू कागदावर पसरून भिंग धरलं. वाळू म्हटलं की पुस्तक क्वार्ट्झ म्हणतं. इथं निम्म्याहून जास्त कण काळे-करडे, बेसॉल्टचेच तुकडे. मधे पांढरे: काही आम्लाला फसफसतात, ते चुनखडीचे, काही फसफसत नाहीत, ते झिओलाइट, म्हणजे लाव्ह्याच्या पोकळ्यांत भरलेलं खनिज. थोडे मेणासारखे अर्धपारदर्शक, म्हणजे गारगोटीचे, लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळीत नंतर साचलेले. बेसॉल्टमध्ये मुळात क्वार्ट्झचे स्फटिक नसतात, तर वाळूत कुठून येणार? कागदाखालून चुंबक फिरवला, काळ्या बारीक कणांची रांग त्याच्यामागं चालू लागली. मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचं चुंबकाला चिकटणारं खनिज.

यावरून एक गोष्ट लक्षात आली. भूशास्त्रज्ञ सॅम्युअल गोल्डिच यांनी १९३८ मध्ये खनिजं कुठल्या क्रमानं कुजतात ते मांडलं: जी लाव्ह्यातून आधी, जास्त तापमानाला तयार होतात ती आधी जातात, क्वार्ट्झ सगळ्यात शेवटी. बेसॉल्टमधली मुख्य खनिजं या यादीत अगदी पुढं. म्हणजे भीमेच्या वाळूतला हा काळा कण प्रवासातला पाहुणा आहे. पुढं कुठं वालुकाश्म झालाच तर त्यात तो फारसा टिकणार नाही, चिकणमाती होऊन जाईल. आमच्या बेसॉल्टमधून शुभ्र वालुकाश्म होत नाही. चुना आणि चिखल होतो.

परतताना सीनेच्या काठाला, दरड जिथं कापली गेलीय तिथं, खालच्या बाजूला गोट्यांचा एक थर पुढं आलेला दिसला. सुटे गोटे वाटले. हातानं एकही हलेना. हातोडी मारली तर थराचा कोपरा अख्खा सुटून आला: गोल बेसॉल्टचे गोटे, मधे वाळू, आणि सगळ्यांना धरून ठेवणारं पांढुरकं काहीतरी. गोट्यावर आम्ल: शांत. मधल्या पांढऱ्यावर: फेस.

गाळाचा खडक. सोलापूर जिल्ह्यात. नकाशात दाखवण्याइतका मोठा नाही, वयानं तर कालचं पोर. पण नदीनं गोटे आणले, साठवले, वरून झिरपणाऱ्या जड पाण्यानं त्यांच्यामधे चुना सोडला आणि सगळं एक झालं. भीमेच्या खोऱ्यात जुन्या गाळाच्या तळाशी असे चुन्यानं बांधलेले थर ठिकठिकाणी आहेत, हे सरांनी नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर आम्ही गेलोच नसतो, हे त्यांना ठाऊक असावं.

तुकडा पोत्यात घालून एसटीत आणला. कंडक्टरनं तिकीट मागितलं नाही, पण बघितलं.

२२ डिसेंबर

शहाबादी फरशी. सोलापुरात वाढलेल्या माणसाला हिची ओळख करून द्यायला नको. घरात, शाळेत, देवळात, मोरीत, सगळीकडं हीच. शहाबाद आपल्याच रेल्वे लाइनवर, कलबुर्गीच्या पुढं, वाडीच्या अलीकडं. हा भीमा खोऱ्याचा जुना चुनखडक. पूर्व भागातल्या मित्राच्या घरी मोरीपुढं फरशीवर पांढरे खडबडीत डाग आहेत. काकूंनी एकदा बाथरूमचं ॲसिड ओतलं होतं. आमची आम्लाची परीक्षा तिथं आधीच होऊन गेलेली.

फरशीच्या वखारीत काकांनी दोन गोष्टी दाखवल्या. फरशी उभी धरून बोटाच्या पेरानं वाजवतात: खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर आत पापुद्रा सुटलाय. आणि हातकाम केलेल्या फरशीची कड. भिंगातून बघितलं तर राखाडी थरांमधे काळपट रेषा, केसाएवढ्या. त्या चिकणमातीच्या. शांत उथळ समुद्रात चुन्याचा बारीक चिखल बसत होता, मधेच मातीचा पातळ थर आला, पुन्हा चुना. त्या रेषेवरच छिन्नी लावली की फरशी सरळ सुटते.

तासभर भिंग लावून शंख-शिंपला शोधला, नाही. सापडायचाही नाही. हा खडक ५० कोटी वर्षांहून पुष्कळ जुना, कवचं असलेले प्राणी तेव्हा समुद्रात नव्हतेच. चुना पाण्यातून रसायनानं आणि सूक्ष्मजीवांच्या मदतीनं बसलेला.

मित्रानं विचारलं, “मग यातला चुना मामांच्या विहिरीतला नाही?” नाही. तो त्याहून जुन्या ग्रॅनाइट-नाइसच्या कुळातल्या दगडांतून सुटलेला. शहाबादी बसून, दगड होऊन, कोट्यवधी वर्षं लोटल्यावर तिच्या वरून आमचा लाव्हा पसरला. उत्तरेकडं ती बेसॉल्टखाली शिरलेली दिसते. निकोलस स्टेनो यांनी १६६९ मध्ये नियम सांगितला, खालचा थर जुना, वरचा नवा. सोलापूरच्या घराघरांत तो मोडलेला आहे: खाली मुरमाचा भराव ६.६ कोटींचा, वर फरशी त्याच्या निदान सातपट वयाची.

हे वाक्य पोस्टरवर मोठ्या अक्षरात घ्यायचं, यावर चौघांचं एकमत. पहिल्यांदाच.

५ जानेवारी

खडक ‘धरतो’ कसा ते दाखवायचं. फेव्हिकॉल नाही. पीव्हीसी पाइपचे चार तुकडे: एकात सीनेची नुसती ओली वाळू दाबून, दुसऱ्यात वाळू आणि काळी माती, तिसऱ्यात वाळू आणि पानपट्टीवरचा चुना. चौथ्यात तिसऱ्यासारखंच मिश्रण, पण प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, हवा लागू न देता. पहिले तीन हॉस्टेलच्या खिडकीत. रोज थोडं पाणी शिंपडायचं.

१४ जानेवारी

गड्ड्याची जत्रा. कुणी येणार नाही. पाणी मी घातलं.

११ फेब्रुवारी

पाइप कापले. पहिला कापताच ढासळला. दुसरा वाळून चांगला टणक झाला होता, पाण्यात ठेवला तर बघता बघता चिखल. तिसरा पाण्यात उभा राहिला, कडा शाबूत. चौथा ओलसर, नखानं खरवडला जातो.

तिसरा आडवा तोडला आणि तुटलेल्या तोंडावर फिनॉल्फ्थॅलिन सोडलं, हे चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाला लागलं की गुलाबी होतं. मधोमध भडक गुलाबी, बाहेरचं कडं जसंच्या तसं पांढरं. रेषा आखल्यासारखी. गुलाबी तिथं अजून चुना चुनाच आहे. रंग आला नाही तिथं त्यानं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कार्बोनेट केलंय, आणि तिथंच तो टणक आहे. चौथा सगळाच्या सगळा गुलाबी.

मित्र म्हणाला, “हा खडक नाही बे, हा गिलावा आहे.” बरोबर आहे. नदीकाठी झालं ते उलट वाटेनं झालं: तिथं जड पाण्यातून कार्बन डायऑक्साइड निघून गेला, पाणी आटलं, आणि चुना बसला. इथं चुन्यानं तो वायू घेतला. शेवट दोन्हीकडं कॅल्शियम कार्बोनेटच, पण वाट वेगळी, म्हणून लेबलवर ‘कृत्रिम खडक’ असं न लिहिता ‘कण बांधले जाण्याचा नमुना’ लिहायचं आणि शेजारी सीनेचा तुकडा ठेवायचा. दाबाचं काम, म्हणजे शेकडो मीटर गाळाखाली पाणी पिळून निघणं, आम्ही दाखवू शकत नाही. तसं लिहिलं.

१८ फेब्रुवारी

सीनेच्या तुकड्याचा एक कोपरा, वजन २१० ग्रॅम, आम्लात ठेवला. फेस थांबेपर्यंत आम्ल घालत राहिलो. तळाला नुसते गोटे आणि वाळू. धुऊन वाळवून भरले १६८ ग्रॅम. पाचवा हिस्सा चुना होता, त्यावर सगळा डोलारा.

वरचं पाणी फेकणार होतो, सरांनी थांबवलं. गाळून घेतलं, त्यात धुण्याचा सोडा विरघळवून ओतला. पात्रभर पांढरा साका झाला. अगदी पांढरा नाही, पिवळसर. थोडं लोह सोबत आलंय. गाळणकागदावर वाळवून चिमूटभर काढला आणि थेंब टाकला. फसफसला. उरलेल्याची पुडी करून फाईलच्या शेवटच्या पानाला स्टेपल केली, वर तारीख घातली.